रिकाम्या गाडीचा काटा

जिनिंगवर कापूस घेऊन गेलेल्या माणसाला दोन काटे पाठ असतात. पहिला भरल्या गाडीचा, दुसरा रिकाम्या गाडीचा. पहिल्यातून दुसरा वजा केला की उरतो तो कापूस, आणि पैसे मिळतात ते त्याचेच. लहानपणी वडिलांसोबत बंडीवर बसून मी अमरावती जिल्ह्यातल्या धामणगावला जायचो. भरल्या काट्याच्या वेळी वडील बिडी ओढत बाजूला उभे असत. रिकाम्या काट्याच्या वेळी मात्र बिडी विझवून जवळ जात. दोन काट्यांच्या मधल्या वेळात चाकाचा चिखल गळून पडला तर तो कापसाच्या भावाने विकला जातो, ही आमच्याकडची जुनी गंमत. (व्यापाऱ्यालाही ती ठाऊक असे. तो आधी चाकं खरवडून घ्यायला लावी.)

गेल्या उन्हाळ्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मोबाइल पुढे केला. मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवत असे. तो आता तालुक्याला गॅरेज चालवतो. पडद्यावर विजेच्या स्पोर्ट्स कारची एक कन्सेप्ट, म्हणजे अजून विक्रीला न आलेली नमुन्याची गाडी, फिरत होती. बुटकी, रुंद, समोर जाळी नाही, दिव्यांच्या जागी केसाएवढी उजेडाची रेघ, दार वर उघडणारं. "हे गाडी नाई जी सर, इमान हाय इमान," तो म्हणाला, म्हणजे विमान. मी सगळं शेवटपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "रिकाम्या गाडीचा काटा किती?"

त्याने शोधलं. हॉर्सपॉवर होती, शून्यापासून शंभरपर्यंतचे सेकंद होते, एका चार्जमध्ये किती किलोमीटर ते होतं, आतल्या कातड्याच्या जागी वापरलेल्या समुद्रातल्या जाळ्यांच्या धाग्याची कहाणीसुद्धा होती. वजन नव्हतं.

माझं म्हणणं या न लिहिलेल्या आकड्याबद्दल आहे. आधी एक कबुली देतो: गाडी मला आवडली. पांदणीवरून सायकल ढकलत शाळेत गेलेल्या माणसाला चांगली मोटार आवडू नये, असं काही नाही. 'पोटाला भाकर नाही आणि म्हणे स्पोर्ट्स कार' या चालीवरचे लेख आपल्याकडे पुष्कळ येतात, तसला हा लेख नाही. गाव गरीब म्हणून गावातल्या पोराने देखणी वस्तू पाहू नये, हा विचारच मला उर्मट वाटतो. तक्रार वेगळी आहे. स्पोर्ट्स कार नावाच्या गोष्टीचा जीव हलकेपणात होता. विजेवर येताना तिने तोच गमावला. आणि ज्या सरकारी सवलतींचा पैसा तुमच्या-माझ्या करातून जातो, त्या सवलती या जडपणाकडे बघतही नाहीत.

विजेची वेगवान गाडी ही आजची गोष्ट नाही. २९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळच्या आशेर इथे कामिय जेनात्झी नावाच्या बेल्जियन माणसाने तासाला १०५.८८ किलोमीटरचा वेग गाठला. शंभरी ओलांडणारी ती पहिली मोटार, आणि ती विजेची होती. तिचं नाव 'ला जामे कोंतांत', म्हणजे कधीच समाधान न होणारी. आकार टॉर्पेडोसारखा, अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं. वारा कापायला एवढी तयारी केली, आणि चालवणारा मात्र त्या टॉर्पेडोवर कमरेपासून वर उघडा, उंटावर बसल्यासारखा! चित्र बघून हसू येतं. पण माणूस वर का आला? कारण आतली जागा मोटरी आणि शिशाच्या जड बॅटऱ्यांनी खाल्ली होती. सव्वाशे वर्षांनी शिसं गेलं, लिथियम आलं, तरी दुखणं तेच आहे. बॅटरी कुठे ठेवायची, आणि मग माणसाला कुठे बसवायचं?

पेट्रोलच्या स्पोर्ट्स कारचं रूप इंजिनाने ठरवलं. इंजिन पुढे म्हणून बोनट लांब, किंवा इंजिन पाठीमागे म्हणून नाक आखूड. विजेची मोटर कलिंगडाएवढी. तिने रूप काही ठरत नाही. रूप ठरवते बॅटरी. बहुतेक विजेच्या मोटारींत ती जमिनीलगत फरशीसारखी पसरलेली असते. त्या फरशीवर सीट, सीटवर माणूस, माणसावर छप्पर. म्हणजे दहा-पंधरा सेंटीमीटरने सगळंच वर गेलं. जीपगाडीला ते चालतं. स्पोर्ट्स कारला चालत नाही, कारण तिथे चालकाचं बूड रस्त्याला जवळजवळ टेकलेलं हवं.

यावर डिझायनरांनी काढलेल्या तोडी खरंच वाचण्यासारख्या आहेत. २०१५ साली फ्रँकफर्टला पोर्शेने मिशन ई ही कन्सेप्ट दाखवली, तिचीच पुढे २०१९ मध्ये टायकन झाली. त्या टायकनमध्ये मागच्या प्रवाशांच्या पायांखालची बॅटरी कापून खड्डे ठेवले आहेत. पाय खाली गेले की गुडघे खाली, गुडघे खाली की डोकं खाली, आणि छप्पर उतरतं ठेवता येतं. लोटसने एविजात बॅटरी थेट सीटच्या पाठीमागे उभी रचली, जिथे पूर्वी इंजिन असे. क्रोएशियाच्या रिमॅकने नेवेरात ती सीटांच्या मधून आणि मागून वळवून बसवली. मी शिकवत असतो तर या तीन गाड्यांच्या आकृत्या फळ्यावर काढून एक अख्खा तास घेतला असता.

पण या सगळ्या युक्त्या बॅटरी लपवण्याच्या आहेत. ती कमी करण्याच्या नाहीत. नेवेराची बॅटरी १२० युनिटांची आणि गाडी दोन टनांवर. पिनिनफारिनाच्या बॅटिस्टा या विजेच्या गाडीचंही तेच. पहिली टेस्ला रोडस्टर २००८ साली निघाली तेव्हा ती लोटस एलिसच्या सांगाड्यावर बेतलेली होती. एलिस १९९६ साली आली तेव्हा सव्वासातशे किलोच्या आसपास होती. टेस्लाने त्यात ६,८३१ लहान सेल भरले, प्रत्येक सेल बोटाएवढा, आणि गाडी तेराशे किलोच्या घरात गेली. सव्वासातशेवरून तेराशे, तेराशेवरून दोन हजारांवर. माणसं दोनच.

नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

आमच्याकडे हलकी गाडी म्हणजे काय, हे समजायला परदेशी जावं लागत नाही. आमच्या तालुक्यातल्या तळेगाव दशासरचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, जुना आणि नावाजलेला. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पट बंद पडले, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. बैलांच्या हालांबद्दलचा वाद संपलेला नाही आणि तो संपू नये, असंच मला वाटतं. पराणी टोचून जिंकलेली जोडी मला बघवत नाही. मला बोलायचं आहे ते छकडीबद्दल.

शेतीची बंडी वेगळी, पटाची छकडी वेगळी. बंडीला भरभक्कम तुंबा, जाड आरे, लोखंडी धाव, कापसाच्या गंजीला आधार द्यायला उभाऱ्या. छकडीत यातलं जवळपास काहीच नाही. दोन चाकं, धुरा, आणि धुरकऱ्याला बूड टेकायला जेमतेम फळी. बाजू नाही, तळ नाही. आमच्या गावचे सुतारबुवा थकले आता, पण पूर्वी ते छकड्या बांधत. मी नवा नवा आयटीआयला लागलो होतो; मोठ्या ऐटीत त्यांना विचारलं, वजन कमी करायला कोणतं लाकूड वापरता? ते रंधा थांबवून म्हणाले, "मास्तर, लाकूड बारीक कराले कोनालेही येते. मी आधी हे पायतो का कोनतं लाकूड उगाच बसलं हाय." मग त्यांनी छकडी एका हाताने उचलून फिरवून दाखवली. मी ज्या पुस्तकातून शिकवत होतो त्यात हे वाक्य नव्हतं. लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमन आयुष्यभर हेच करत आला हे मला नंतर कळलं. त्याला आमचे सुतारबुवा माहीत नव्हते, एवढंच.

आता हीच नजर घेऊन विजेच्या कन्सेप्टकडे बघा. चाकं बावीस-तेवीस इंची, त्यांना वडापावच्या पावाएवढं जाड रबर. का? बॅटरीमुळे गाडीचं पोट जाड झालेलं असतं. चाक मोठं काढलं की पोट बारीक दिसतं. बंडीचं चाकही मोठं असतं, पण ते चिखलातून आणि बांधावरून पार व्हायला. इथे मोठं चाक डोळ्याला फसवायला आहे, आणि त्या फसवणुकीचं वजन पुन्हा बॅटरीनेच ओढायचं आहे. काळ्या मातीवरचा रस्ता पावसात फुगतो, उन्हाळ्यात आकसून भेगाळतो. गेल्या वर्षी केलेलं डांबर यंदा लाटांसारखं होतं. त्यावर हे पावाएवढं रबर किती दिवस टिकेल, ते माझा गॅरेजवाला विद्यार्थी सांगू शकेल. त्याचा धंदाच त्यावर आहे.

तीच गोष्ट छपराची. कन्सेप्टला काचेचं छप्पर असतंच, पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत एकसंध. स्टुडिओतल्या उजेडात ते झकास दिसतं. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. दुपारी एक ते चार कुत्रं रस्त्यावर नसतं, लोक कूलरच्या वाळ्यावर पाणी मारत बसतात. लिथियमच्या बॅटरीला पंधरा ते पस्तीस अंशांचं हवामान मानवतं. चाळीसच्या पुढे तिचं आयुष्य झपाट्याने खर्ची पडतं, म्हणून तिला गार ठेवायला वेगळी शीतयंत्रणा लागते. म्हणजे वर काच घालून ऊन आत घ्यायचं, ते ऊन काढायला एसी, एसीला वीज, विजेला बॅटरी, बॅटरीला पुन्हा गारवा. डोकं टेकवून विचार केला तर यातली अर्धी साखळी एका पत्र्याच्या छपराने तुटते. पण पत्रा फोटोत चमकत नाही.

वेगाचंही थोडं बघू. १,९१४ हॉर्सपॉवर हा नेवेराचा आकडा. आमच्याकडे हॉर्सपॉवर मोजायचं माप म्हणजे पंप. पाच हॉर्सपॉवरचा पंप धरला तर एकटी नेवेरा म्हणजे तीनशे ऐंशी पंप. १०० केव्हीएच्या डीपीच्या, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरच्या, हिशेबाने मोजलं तर चौदा-पंधरा डीपी एका पायाच्या दाबाखाली. अर्थात ही ताकद काही सेकंदांपुरतीच लागते, त्यामुळे ही तुलना जरा चावटपणाची आहे; खरी तुलना बॅटरीची. १२० युनिटांत पाच हॉर्सपॉवरचा पंप साधारण तीस तास चालतो. कृषी फीडरची आठ तासांची पाळी धरली तर जवळपास चार दिवसांचं ओलीत. आणि ही वीज येते कुठून? चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॅटचं. शिवाय कोराडी, खापरखेडा. एका युनिटला अर्धा ते पाऊण किलो कोळसा जळतो. म्हणजे एकदा भरलेली ती बॅटरी साठ ते नव्वद किलो कोळशाची. राख चंद्रपूरच्या माणसाच्या पदरात, आणि रात्री दोन वाजता हरभऱ्याला पाणी द्यायला बॅटरी घेऊन निघालेल्या माणसाच्या हातातली बॅटरी वेगळी, तिला आम्ही टॉर्च म्हणतो.

इथे कोणी म्हणेल, आणि म्हणायला हवंच, की स्पोर्ट्स कार ही प्रयोगशाळा असते. आज जे कोटीच्या गाडीत, ते पंधरा वर्षांनी पाच लाखांच्या गाडीत. हा मुद्दा मला अर्धा पटतो. पोर्शेने ८०० व्होल्टची यंत्रणा मिशन ईमध्ये मांडली. आज ती त्याहून कितीतरी स्वस्त मोटारींत मिळते. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९९० साली इम्पॅक्ट नावाची विजेची कन्सेप्ट दाखवली, तिच्यातून ईव्ही-१ आली, आणि तिच्या गुळगुळीत आकाराचे धडे अजून गिरवले जातात. तेव्हा प्रयोगशाळा खरी. मात्र प्रयोगशाळेत काय तपासलं जातंय, ते विचारायला हवं. दोन सेकंदांत शंभर, हे आता तपासण्यासारखं राहिलेलंच नाही. विजेच्या मोटरला पहिल्या क्षणापासून पूर्ण पीळ (टॉर्क) मिळतो. मोठी बॅटरी आणि मोठ्या मोटरी जोडल्या की तो आकडा येतोच. अवघड काय आहे ते मर्सिडीजने जानेवारी २०२२ मध्ये दाखवलेल्या व्हिजन ईक्यूएक्सएक्सने सांगितलं. ती स्पोर्ट्स कार नव्हती. शंभर युनिटांच्या आतली बॅटरी, हवेला अडवण्याचा गुणांक ०.१७, वजन पावणेदोन टनांच्या आसपास, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये ती जर्मनीतून फ्रान्सच्या किनाऱ्यापर्यंत एका चार्जमध्ये हजार किलोमीटरहून जास्त गेली. माझ्या लेखी गेल्या दहा वर्षांतली खरी खेळाची गाडी तीच, कारण तिने कमीत जास्त करण्याची पैज घेतली. तिची मागची बाजू मला अजिबात आवडली नाही, ते सोडा.

आता सवलतींकडे वळतो, कारण स्वतःच्या पैशाने कोणी दहा टनांची गाडी केली तरी माझं काही जात नाही.

१ ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या वाहनांवर ५ टक्के जीएसटी आहे. गाडी सात लाखांची असो की सात कोटींची, दर तोच. शेतीच्या ट्रॅक्टरवर या काळात १२ टक्के होता. तो २२ सप्टेंबर २०२५ ला ५ टक्क्यांवर आला. म्हणजे सहा वर्षं या देशात विजेच्या स्पोर्ट्स कारवरचा जीएसटी नांगरणाऱ्या ट्रॅक्टरपेक्षा कमी होता. (परदेशातून तयार येणाऱ्या गाडीवर आयात शुल्क जबर असतं हे खरं, पण ते 'बाहेरून आली' म्हणून, 'जड आहे' म्हणून नाही.) राज्यात मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या विजेच्या मोटारींवर ६ टक्के कर सुचवला गेला आणि त्याच महिन्यात तो मागेही घेतला गेला. ऑगस्ट २०२५ पासून समृद्धी महामार्गावर विजेच्या मोटारींना टोलमाफी मिळाली. मोटारींना आणि बसला. मालवाहू गाडीला नाही.

समृद्धी आमच्या तालुक्यातून जातो. ७०१ किलोमीटर, मुंबई ते नागपूर; पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, शेवटचा ५ जून २०२५ ला. त्यासाठी जमिनी गेल्या, मोबदलाही मिळाला, काहींचं भलं झालं; नावं ठेवण्यासारखं मला त्यात फारसं नाही. पण त्यावर ट्रॅक्टरला आणि दुचाकीला बंदी आहे, आणि ते योग्यच आहे. मग त्या रस्त्यावर टोल न भरता कोण जाणार? समजा उद्या ही कन्सेप्ट खरी झाली आणि कुणी नागपूरकर ती घेऊन ताशी १२० च्या मर्यादेत (मर्यादेत म्हणू या) मुंबईला निघाला. त्याला टोल नाही. त्याच वेळी वरुडची संत्री विजेच्या टेम्पोत घालून कुणी निघाला, तर त्याला टोल आहे. दोन्ही गाड्या विजेच्या. एकीच्या काट्यातून रिकामी गाडी वजा केली तर दोन माणसं आणि एक बॅग उरते. दुसरीत माल उरतो. जिनिंगवरच्या हिशेबनिसाला विचारा, पैसे कोणाला द्यायचे.

माझी मागणी म्हणून साधी आहे. सवलत 'विजेची' या शब्दावर न देता काट्यावर द्या. रिकाम्या गाडीचं वजन आणि किलोमीटरला लागणारी वीज, हे दोन आकडे आरसी बुकात येऊ शकतात. वजन तर आजही असतं. हलक्या, कमी वीज खाणाऱ्या गाडीला पूर्ण माफी, मग दर शंभर किलोला ती कमी करत न्यायची, आणि एका टप्प्यानंतर सवलत संपवून कर सुरू करायचा. माल किंवा जास्त माणसं वाहणाऱ्या गाडीला तिच्या वाहण्याच्या मानाने वेगळं माप. हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं खूळ नाही. विजेच्या मोटारींचं सगळ्यांत जास्त कौतुक ज्या देशात झालं त्या नॉर्वेने २०२३ पासून विजेच्या मोटारींवरही वजनाचा कर लावला: पहिले ५०० किलो सोडून पुढच्या प्रत्येक किलोला त्या वर्षी साडेबारा क्रोनर. शिवाय त्याच वर्षी पाच लाख क्रोनरच्या वरच्या किमतीवर मूल्यवर्धित कर सुरू केला. तरीही तिथे विजेच्या मोटारी विकल्या जायच्या थांबल्या नाहीत.

किमतीवर कर लावा आणि मोकळे व्हा, वजनाच्या भानगडीत कशाला पडता, असं माझ्याच एका मित्राने सुनावलं. तो पूर्वी आरटीओ एजंटगिरी करायचा, त्याला फॉर्म कमी असलेले आवडतात. पण किमतीवरचा कर डिझायनरला काहीच सांगत नाही. महाग गाडी आणखी महाग होते, घेणारा घेतोच. वजनावरचा कर थेट ड्रॉइंग बोर्डावर जाऊन बसतो. छप्पर काचेचं करू की पत्र्याचं, चाक तेवीसचं की अठराचं, बॅटरी १२० ची की ६० ची, या प्रत्येक रेघेला रुपयात भाव येतो. मग लोक लाकूड कुठे उगाच बसलंय ते बघायला लागतात. स्पोर्ट्स कारला तर हा कर शिक्षा नसून औषध आहे. ती पुन्हा हलकी झाली तर खरी स्पोर्ट्स कार होईल.

एका ठिकाणी मात्र जडपणा गुण आहे, आणि ते ठिकाण आमचं आहे. ट्रॅक्टर. नांगरताना चाक गरगर फिरू नये म्हणून आम्ही मागच्या टायरमध्ये पाणी भरतो, नाकावर बिडाची वजनं टांगतो. म्हणजे पैसे मोजून वजन विकत घेतो. तिथे बॅटरी आपल्या पायाने वजन घेऊन येते. ओल्या काळ्या मातीत जास्त वजनाने जमीन दबते, तेव्हा यालाही मर्यादा आहेत. पण छोट्या ट्रॅक्टरला, फवारणीला, निंदणीला, खळ्यापर्यंत माल ओढायला विजेचं यंत्र बसतं. २०२३ साली दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेने प्रायमा ईटी-११ हा छोटा विजेचा ट्रॅक्टर दाखवला. त्याची चित्रफीत माझ्या विद्यार्थ्याला कोणी पाठवली नाही. त्याला दार वर उघडत नव्हतं.

आणि देखणेपण फक्त मोटारीलाच शोभतं, हेही खोटं. इटलीच्या पिनिनफारिना या डिझाइन घराण्याने आयुष्यभर स्पोर्ट्स कारना रूप दिलं. २०१५ च्या नोव्हेंबरात जर्मनीत हॅनोव्हरच्या कृषी प्रदर्शनात त्यांनी आखलेला एक कन्सेप्ट ट्रॅक्टर मांडला होता, झेटर कंपनीसाठी. झेटर म्हणजे तीच, जिच्या सहकार्याने आपल्याकडे एचएमटीचे ट्रॅक्टर सुरू झाले. आमच्या गावात अजून एक आहे, तो सुरू करायला दोन माणसं आणि एक शिवी लागते. त्याच वर्षअखेरीस पिनिनफारिना विकत घ्यायचा करार केला महिंद्राने, ज्यांचे तांबडे ट्रॅक्टर नागपुरात तयार होऊन आमच्या वावरात येतात. त्या नात्यातून २०१९ साली जिनिव्हाला १,९०० हॉर्सपॉवरची बॅटिस्टा उभी राहिली, फक्त १५० नग काढायच्या बोलीवर. सुंदर आहे. मी तिचा फोटो मोबाइलमध्ये ठेवला आहे, ट्रॅक्टरच्या फोटोशेजारी. त्या हातांना झेटरची रेघ जमली होती. आता त्यांना विजेच्या ट्रॅक्टरची एक रेघ काढायला सांगा, एवढंच सुचवावंसं वाटतं, नागपूरचा कारखाना मधेच आहे म्हणून.

तो विद्यार्थी पुन्हा आला होता, परवा. त्याच्या गॅरेजात बारावी झालेला एक पोरगा हाताखाली आहे, त्याची वही घेऊन. पोट्ट्याने विजेची स्पोर्ट्स कार काढली होती, बॉलपेनने, पानभर. रेघ चांगली, चाकं अर्थातच मोठी, छप्पर काचेचं. कोपऱ्यात हॉर्सपॉवर लिहिलेली, एक हजार. मी खाली पेन्सिलीने लिहिलं: काटा किती? वही परत पाठवली.

काल वही आली. एक हजार खोडून दोनशे केले आहेत. काटा: नऊशे किलो. काचेचं छप्पर गेलंय, मागचं सीट गेलंय, चाकं लहान झाली आहेत, बॅटरीवर दोनदा खाडाखोड. शेवटी बारीक अक्षरात: 'सर, दार वर उघडनारं ठेवलं तर पंधरा किलो जास्त होते. ठेवू का?'

मी अजून उत्तर दिलेलं नाही. पंधरा किलो म्हणजे तसे फार नाहीत.